कोठडीतून गेलेले पोस्टकार्ड

1961 सालच्या डिसेंबर महिन्याची आठवण गोमंतकीयांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. 19 तारखेस साडेचारशे वर्षांची परकीय राजवट संपली आणि पुढील कित्येक दिवस या भूमीत दुसऱ्या कशाचे भान कुणास उरले नव्हते. त्यानंतर सहाच दिवसांनी, 25 डिसेंबर रोजी, न्यूयॉर्क शहरात ओटो लोवी नावाचे 88 वर्षांचे एक वृद्ध शास्त्रज्ञ निवर्तले. त्या वार्तेकडे आम्हां कुणाचे लक्ष जाणे शक्य नव्हते. आपल्या घरी मंगलकार्य चालू असता दूर देशीच्या पाहुण्याचे जाणे कोणाच्या ध्यानात येते? परंतु ज्यांनी परकीय सत्तेची कोठडी पाहिली आहे, अथवा ज्यांच्या घरातील कुणीतरी ती पाहिली आहे, त्यांनी लोवींची जीवनकथा एकदा तरी ऐकावी असे आम्हांस वाटते.

आणखीही एक कारण आहे, आणि ते अधिक जवळचे आहे. आपल्या ओसरीवर बसणारे वडीलधारे माणूस एके दिवशी नातवाचे नाव विसरते, देवपूजेचा नित्याचा क्रम चुकते, बाजारातून घरी येण्याची वाट चुकते. डॉक्टर एक गोळी लिहून देतात. त्या गोळीने रोग बरा होत नाही, पण काही काळ थोडा आधार मिळतो. ती गोळी अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या एका द्रव्याचा मेंदूतील क्षय रोखून धरते. हे द्रव्य मेंदूच्या व मेरुरज्जूच्या कोणकोणत्या पेशी तयार करतात याचा नकाशा आज शास्त्रज्ञांच्या हाती आहे. त्या नकाशावरची पहिली रेघ लोवींनी ओढली.

3 जून 1873 रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात एका सुस्थित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील याकोब हे मद्याचे व्यापारी होते. शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांत मुलाची गती बेताची. प्राचीन भाषा व साहित्य यांत मात्र तो रमे. कलेच्या इतिहासाचा अभ्यास करावा ही त्याची इच्छा होती. घरच्यांनी वैद्यकाचा आग्रह धरला आणि 1891 मध्ये मुलगा स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात दाखल झाला. घरोघरीचीच ही कथा! पण लोवींनी बंडही केले नाही आणि मनापासून आज्ञापालनही केले नाही. वैद्यकाचे तास बुडवून ते तत्त्वज्ञानाच्या व वास्तुकलेच्या व्याख्यानांना जाऊन बसत. परिणामी वैद्यकाच्या पहिल्या परीक्षेतून ते कसेबसे पार पडले. आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेवरून त्याचे भवितव्य ठरवून टाकणाऱ्या पालकांनी या परीक्षेची नोंद घ्यावी.

पुढे नाउनिन आणि श्मिडेबर्ग यांच्यासारखे गुरू भेटले आणि या विद्यार्थ्याचे मन विषयात बसले. 1896 मध्ये पदवी मिळाली. श्मिडेबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी जो प्रबंध लिहिला तो शरीराबाहेर काढलेल्या बेडकाच्या हृदयावर निरनिराळ्या द्रव्यांचा काय परिणाम होतो या विषयावर होता. पंचवीस वर्षांनी हेच हृदय त्यांना जगप्रसिद्ध करणार होते, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नीही नसेल. पदवीनंतर काही काळ ते फ्रँकफुर्टच्या इस्पितळात रुग्णसेवेस होते. तेथे क्षयाने जर्जर झालेली आणि न्यूमोनियाच्या साथीत सापडलेली माणसे उपचारांअभावी मरताना त्यांनी पाहिली. वैद्य उशाशी उभा आहे आणि त्याच्या हाती देण्यासारखे औषध नाही, ही अवस्था त्यांना असह्य झाली. रोग्याच्या उशाशी हात बांधून उभे राहण्यापेक्षा औषध शरीरात काय करते याचाच शोध घ्यावा, असा निश्चय करून 1898 मध्ये ते मारबुर्गला हान्स होर्स्ट मायर या औषधशास्त्रज्ञांचे सहायक झाले. 1902 मध्ये प्राण्याचे शरीर प्रथिनांच्या विघटित तुकड्यांपासून आपली प्रथिने पुन्हा उभारू शकते हे त्यांनी दाखविले व तेथूनच त्यांचे नाव विद्वत्सभांत घेतले जाऊ लागले. त्याच सुमारास ते इंग्लंडला गेले आणि तेथे हेन्री डेल या समवयस्क संशोधकाशी त्यांचा स्नेह जडला. तो जन्मभर टिकला.

त्या काळी शरीरशास्त्रात एक प्रश्न अनिर्णित होता. मज्जातंतूतून विजेसारखी लहर जाते हे ठाऊक होते. परंतु तंतू जेथे संपतो आणि स्नायू अथवा दुसरी पेशी जेथे सुरू होते, तेथील फट ही लहर ओलांडते कशी? ठिणगीप्रमाणे उडी घेऊन, की एखादे द्रव्य पाझरवून? बहुतेक पंडितांचा कौल ठिणगीच्या बाजूने होता. 1903 मध्ये केंब्रिजहून आलेल्या वॉल्टर फ्लेचर यांच्याशी बोलताना लोवींच्या मनात एक तर्क आला. काही औषधे मज्जातंतूंच्या क्रियेची हुबेहूब नक्कल करतात. मग मज्जातंतूच्या टोकाशीच असे एखादे द्रव्य का नसावे? तर्क नामी होता, पण तो सिद्ध करण्याची युक्ती सुचेना. तेव्हा लोवींनी तो मनाआड केला व पुढे ते तो विसरूनही गेले.

मध्यंतरी संसार मार्गी लागला. व्हिएन्नात काही वर्षे काढून, 1908 मध्ये ग्विडा गोल्डश्मीट यांच्याशी विवाह करून, 1909 साली ते ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. चार अपत्ये झाली. महायुद्ध आले आणि गेले. त्यानंतरची ती रात्र. ती 1920 च्या ईस्टरच्या आदली रात्र होती, असे लोवी पुढे सांगत. झोपेतून दचकून ते जागे झाले, दिवा लावला, कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी खरडले आणि पुन्हा निद्राधीन झाले. सकाळी उठून पाहतात तो स्वतःचेच अक्षर स्वतःला लागेना! आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण लिहून ठेवली आहे एवढे आठवत होते. ती कोणती हे मात्र आठवत नव्हते. तो दिवस त्यांनी कसा काढला असेल याची कल्पनाच करावी. दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी त्यांनी कागदावर विश्वास ठेवला नाही. ते उठले आणि तडक प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग साधा होता. दोन बेडकांची हृदये काढून मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवावयाची. पहिल्याचा व्हेगस हा मज्जातंतू शाबूत, दुसऱ्याचा काढून टाकलेला. व्हेगस हृदयाचा वेग मंदावतो हे ठाऊक होतेच. पहिल्या हृदयाच्या व्हेगसला विजेने डिवचले, ठोके मंदावले. मग त्या हृदयातील द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातले. त्या दुसऱ्या हृदयाला एकही मज्जातंतू नव्हता, तरीही ते मंदावले. पहिल्याचा वेग वाढविणारा मज्जातंतू डिवचून द्रावण नेले, तेव्हा दुसऱ्याचाही वेग वाढला. म्हणजे निरोप विजेच्या ठिणगीने गेला नव्हता, तो द्रावणात विरघळून गेला होता. 1921 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

स्वप्नात शोध लागला ही गोष्ट ऐकणाऱ्यास गोड वाटते आणि ती सांगताना आमच्याकडील लोक दैवी साक्षात्काराचे दाखले देतात. परंतु हिशेब नीट पाहिला पाहिजे. तर्क 1903 चा. बेडकाच्या हृदयाची ओळख त्याहूनही जुनी. प्रयोगाची जवळजवळ तीच मांडणी दुसऱ्या एका कामासाठी लोवींनी दोनच वर्षांपूर्वी वापरलेली. स्वप्नाने एवढेच केले, की दोन कोनाड्यांत पडलेल्या या वस्तू एकत्र आणल्या. लोवी स्वतः म्हणत, की दिवसाढवळ्या विचार केला असता तर हा प्रयोग आपण हाती घेतलाच नसता. पाझरणारे द्रव्य द्रावणात उतरण्याइतके शिल्लक राहील हे संभवनीयच वाटले नसते. सतरा वर्षांच्या तपश्चर्येचे फळ तीन वाजता पिकले, एवढाच त्या रात्रीचा अर्थ आहे. ज्याने बी पेरलेच नाही त्यास कितीही गाढ झोप लागली तरी असे स्वप्न पडत नाही.

जगाने शोध मुकाट्याने स्वीकारला असेही झाले नाही. कित्येकांना तो प्रयोग साधेना. बेडकाची जात, ऋतू, तापमान यांवर फळ अवलंबून असे आणि टीकाकार यशापेक्षा अपयशाची नोंद अधिक उत्साहाने करीत. शेवटी 1926 मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत लोवींनी जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर एकाच हृदयावर तो प्रयोग अठरा वेळा करून दाखविला. त्याच वर्षी त्यांनी व नाव्राटिल यांनी हे द्रव्य अ‍ॅसिटिलकोलीनप्रमाणे वागते आणि शरीरातील एक एंझाइम त्याचा क्षणार्धात नाश करते हेही दाखविले. निरोप पोहोचला की निरोप्याने निघून जावे, ही शरीराची शिस्त आहे.

या संशोधनात लोवींना ज्या अ‍ॅट्रोपीनचा उपयोग झाला त्याच्याशी आमचा जुना परिचय आहे. महाशिवरात्रीस शंकराला जो धोतरा वाहतात त्यातील विषात हे द्रव्य असते. ते अ‍ॅसिटिलकोलीनचा स्राव थांबवीत नाही. तो निरोप घेणारे दारच बंद करते. धोतऱ्याने येणाऱ्या भ्रमाचे वर्णन गोव्यातच राहून गार्सिया द ओर्ता या वैद्याने आपल्या ग्रंथात केले आहे. हा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला आणि त्यांचे नाव पणजीच्या उद्यानाने जपले आहे. ओर्तांचे पूर्वज ज्यू होते. तेवढ्या कारणास्तव इन्क्विझिशनने 1569 मध्ये त्यांच्या बहिणीस जिवंत जाळले आणि 1580 मध्ये स्वतः ओर्तांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, सुधारलेल्या म्हणविणाऱ्या युरोपच्या मध्यभागी, ओटो लोवींना त्याच कारणासाठी काय सोसावे लागले ते आता पाहावयाचे आहे.

1936 साली लोवी व डेल यांना शरीरशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. काळाचा क्रूर विनोद असा, की त्याच डिसेंबर महिन्यात जर्मनीत गेरहार्ड श्राडर या रसायनज्ञाने कीटकनाशके शोधता शोधता ताबुन नावाचा विषारी पदार्थ तयार केला. अ‍ॅसिटिलकोलीनचा नाश करणाऱ्या त्याच एंझाइमला हा पदार्थ पांगळे करतो. मग निरोप थांबतच नाहीत आणि स्नायू आचके देत माणसाचा श्वास कोंडतो. एकाच द्रव्याचे ज्ञान. एका हाती ते पारितोषिक झाले आणि दुसऱ्या हाती युद्धाचे विष.

11 मार्च 1938. हिटलरच्या ऑस्ट्रियाप्रवेशाची ती रात्र. पुन्हा रात्रीचे तीन वाजले होते. या वेळी शय्येशी स्वप्न आले नाही. डझनभर सशस्त्र नाझी तरुण घुसले. पासष्टीकडे झुकलेल्या त्या नोबेल मानकऱ्यास त्यांनी कैद्यांच्या गाडीत कोंबले आणि तुरुंगात नेले. दोन धाकटे मुलगेही पकडले गेले. आता आपल्याला ठार मारणार याविषयी लोवींस शंका राहिली नाही. आणि मग त्या कोठडीत या माणसाच्या मनाला कसली घोर लागावी? आपले अखेरचे प्रयोग अजून प्रसिद्ध व्हावयाचे आहेत. ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच आपण मेलो तर? रात्रीमागून रात्री हीच चिंता. पुनःपुन्हा विनवणी केल्यावर काही दिवसांनी त्यांना एक पोस्टकार्ड आणि लेखणी मिळाली. पहारेकऱ्याच्या देखत त्यांनी प्रयोगांचे निष्कर्ष त्या कार्डावर लिहिले आणि ते एका जर्मन विज्ञान नियतकालिकाकडे रवाना केले. कार्ड गेले आणि त्यांचे मन हलके झाले.

आग्वादच्या किल्ल्यात ज्यांनी दिवस काढले त्यांना या पोस्टकार्डाचे मोल कुणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बंदिवानाला सुटकेच्या खालोखाल कशाची ओढ असेल, तर आपला शब्द भिंतीबाहेर जावा याची. कुणाचा शब्द देशासाठी असतो, कुणाचा कुटुंबासाठी. लोवींचा शब्द बेडकाच्या मज्जातंतूंविषयी होता म्हणून तो कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. सत्याचा जो तुकडा आपल्या हाती लागला तो आपल्याबरोबर नष्ट होऊ नये, ही भावना दोन्हीकडे एकच.

सुमारे दोन महिन्यांनी सुटका झाली, पण देश सोडण्याची परवानगी फुकट मिळाली नाही. स्टॉकहोमच्या बँकेत ठेवलेली नोबेल पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेकडे वळवून द्यावी लागली. चाळीस वर्षांची कमाई गेली आणि 1938 च्या सप्टेंबरात ते जवळजवळ रिकाम्या हाताने लंडनला पोहोचले. पत्नीस मागेच अडकवून ठेवले होते. इटलीतील तिची मिळकत पदरात पाडून घेतल्याशिवाय तिला सोडावयाचे नव्हते. ब्रुसेल्स, ऑक्सफर्ड अशी भटकंती करीत 1940 मध्ये लोवी न्यूयॉर्क विद्यापीठात आले. बंदरावरील अधिकाऱ्यापुढे त्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र पडले होते. वार्धक्यामुळे स्वतःची उपजीविका करण्यास असमर्थ, असा शेरा त्यावर त्यांना दिसला. सुदैवाने त्या अधिकाऱ्याने शेऱ्यापेक्षा माणसाकडे अधिक पाहिले आणि त्यांना आत घेतले. 1941 मध्ये पत्नी येऊन मिळाली. 1946 मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि ज्याला असमर्थ ठरविले होते तो वृद्ध पुढे वीस वर्षे तरुणांमध्ये शिकवीत व चर्चा करीत राहिला.

येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. लोवींनी हृदयाशी जे दाखविले ते मेंदूतही घडते काय? कोणत्या पेशी हे द्रव्य बनवितात? हा शोध पुढे कुणी नेला ते पाहण्यासारखे आहे. 1933 मध्ये बर्लिनमधून ज्यू म्हणून काढून टाकलेले विल्हेल्म फेल्डबर्ग लंडनला डेल यांच्या आश्रयास आले. जळवेचा स्नायू अ‍ॅसिटिलकोलीनच्या अत्यल्प अंशानेही आकुंचन पावतो, आणि त्या जळवेला तराजू करून अतिसूक्ष्म मात्रा मोजण्याची हातोटी त्यांनी सोबत आणली. मार्टे फोक्ट ही विदुषी ज्यू नव्हती, तरी नाझींच्या राज्यात राहणे नको म्हणून 1935 मध्ये ब्रिटनला गेली. या दोघांनी 1948 मध्ये मेंदू व मेरुरज्जूच्या कोणत्या भागात अ‍ॅसिटिलकोलीन किती तयार होते याचे मोजमाप प्रसिद्ध केले. उत्पादन सर्वत्र सारखे नव्हते; काही भाग समृद्ध, काही जवळजवळ कोरडे. या नकाशाचा हा पहिला मोठा आराखडा. लायपझिगहून 1935 मध्येच निघून आलेल्या बर्नार्ड काट्झ यांनी हे द्रव्य मज्जातंतूच्या टोकाशी ठरावीक पुडक्यांतून बाहेर पडते हे दाखविले आणि 1970 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पुढील काम क्रमाक्रमाने झाले. ठिणगीच्या पक्षाचे खंदे पुरस्कर्ते जॉन एकल्स यांनी आपला पराभव मोकळ्या मनाने मान्य केला आणि 1954 मध्ये मेरुरज्जूतील एका पेशीवर अ‍ॅसिटिलकोलीनच निरोप पोहोचविते हे स्वतः सिद्ध केले. असा उदार पराभव विद्येच्या क्षेत्रातही विरळा. 1967 मध्ये केंब्रिजच्या शूट व लुईस यांनी उंदराच्या मेंदूत हे द्रव्य नष्ट करणारे एंझाइम रंगवून मार्ग रेखाटले. तथापि नाश करणारा जेथे आहे तेथे बनविणारा असेलच असे नाही. गावात परटाचे घर असले म्हणून विणकर असतोच काय? म्हणून पुढे द्रव्य बनविणाऱ्या एंझाइमलाच ओळखणारी प्रतिद्रव्ये वापरण्यात आली, आणि 1980 च्या दशकात नकाशा स्पष्ट झाला. 1983 मध्ये मेसुलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील या पेशींच्या सहा समूहांना क्रमांक दिले. मेरुरज्जूच्या पुढील बाजूस असलेल्या ज्या पेशी हातापायांच्या स्नायूंना हुकूम देतात त्या याच गोत्राच्या. आरतीस जोडलेले हात त्यांच्याच निरोपाने जुळतात. मेंदूच्या तळाशी असलेला एक समूह संख्येने लहान, पण त्याचे तंतू सबंध मेंदूपृष्ठावर पसरलेले. आणि मस्तिष्कस्तंभातील दोन समूह जागेपणी जसे कार्यरत असतात तसेच स्वप्नांनी भरलेल्या निद्रेतही असतात. लोवींच्या त्या दोन रात्रींचा जागल्या कोण होता याचा धागा त्यांच्याच द्रव्यापाशी येऊन पोहोचावा, याहून सुंदर योगायोग कोणता?

तळाशी असलेल्या त्या लहान समूहाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते विस्मृतीमुळे. 1970 च्या दशकात ब्रिटनमधील संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन बनविणारे एंझाइम फार घटलेले आढळले, आणि 1982 मध्ये व्हाइटहाउस व सहकाऱ्यांनी त्या समूहातील पेशीच मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या असतात हे दाखविले. त्यातून गोळ्या आल्या. 1996 मध्ये मान्यता मिळालेली डोनेपेझिल ही त्यांतील प्रमुख. उरलेल्या पेशी जे थोडे द्रव्य बनवितात त्याचा नाश ती लांबविते. श्राडरच्या विषाने ज्या एंझाइमचा गळा आवळला त्यालाच येथे वैद्याने हलक्या हाताने धरले आहे. रोग थांबत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ, आजी नातवाला नावाने हाक मारते. ज्या घरात ही हाक परत आली त्या घराला तिची किंमत विचारावी.

लोवींच्या चरित्राचा बोध एका वाक्यात सांगावयाचा तर तो असा: विद्वानाला जन्मावरून हाकलणारा देश स्वतःच्या घरातील दिवा शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवतो. जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी लोवींची रक्कम ठेवून घेतली आणि ज्ञान गमावले. ब्रिटन व अमेरिका यांनी कफल्लक निर्वासित पत्करले आणि मेंदूचा नकाशा मिळविला. आमच्याही समाजात माणसाची पारख त्याच्या जातीवरून, धर्मावरून अथवा भाषेवरून करण्याची खोड अद्याप गेलेली नाही, आणि बेडकाच्या हृदयावर वर्षे घालविणाऱ्यास त्याचा उपयोग काय असे विचारणारेही कमी नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास 1921 पासून 1996 पर्यंत पाऊणशे वर्षे लागली. तेवढा धीर धरण्याची आणि तेवढा काळ माणसाला निर्भयपणे काम करू देण्याची ज्या समाजाची तयारी असेल, त्याच्याच घरी पहाटे तीन वाजता अशी स्वप्ने येतात. ज्या मुक्तीच्या आठवड्यात ओटो लोवींनी डोळे मिटले, तिचा एक अर्थ हाही आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.